आंबलेले दात आणि त्यांची भरपाई

चैत्र सरत आला की पुसदसारख्या गावी दुपारी घराबाहेर पडणे नकोसे होते. पूस नदीचे पात्र आटत जाते, भोवतालच्या डोंगरांवरील गवत करपून पिवळे पडते, आणि घरोघरी पन्हे, लिंबाचे सरबत, चिंचेचे सार ह्यांची रेलचेल सुरू होते. मुले कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून खातात आणि चिंचेचा गोळा चोखीत अंगणात बसतात. मग संध्याकाळी पानावर बसल्यावर भाकरीचा पहिला तुकडा चावताच एखादे पोर ओरडते, "आई, दात आंबले!" आई म्हणते, "खा आणखी कैऱ्या!" आणि तो विषय तेथेच संपतो. दुसऱ्या दिवशी दात पूर्ववत झालेले असतात, आणि कैरी पुन्हा हातात असते.

ह्या लहानशा घरगुती प्रसंगात दोन गोष्टी घडून गेलेल्या असतात. पहिली ही की, आंबट पदार्थाने दाताच्या पृष्ठभागावर खरोखरीच आघात केलेला असतो. दुसरी, आणि अधिक नवलाची, ही की, मधल्या काही तासांत शरीराने त्या आघाताची बरीचशी भरपाई कोणासही न विचारता करून टाकलेली असते. ही भरपाई कशी होते, ती कोठवर होते, आणि कोठे तिचा इलाज चालत नाही, हे ज्या घरास समजले त्या घरातील माणसांचे दात उतारवयापर्यंत टिकण्याचा संभव पुष्कळच वाढतो. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या कुटुंबांस तर ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू जाणून घ्यावी लागते. ती ह्या जिल्ह्याच्या भूमीत आणि विहिरींच्या पाण्यात दडलेली आहे. तिचा विचार ओघाने पुढे येईल.

हसताना दाताचा जो पांढरा, चकचकीत भाग दिसतो ते दाताचे कवच होय. त्यास दंतवल्क म्हणतात. इंग्रजी शिकलेली मंडळी त्यासच एनॅमल म्हणतात. मनुष्यदेहात ह्याच्याइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. हाडदेखील त्याच्यापुढे मऊच ठरते. दंतवल्काच्या वजनाचे शंभर भाग केले तर त्यांपैकी सुमारे ९६ भाग निव्वळ खनिज असते, आणि उरलेल्या भागात थोडे पाणी व थोडा सेंद्रिय अंश असतो. हे खनिज मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट ह्यांचे बनलेले असून रसायनशास्त्रात त्यास हायड्रॉक्सीॲपटाइट असे लांबलचक नाव आहे. त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक जुडीत बांधलेल्या काड्यांप्रमाणे एकमेकांस लागून उभे असतात. दाढेच्या उंचवट्यावर, जेथे हे कवच सर्वांत जाड असते, तेथेही त्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपासच भरते. हिरडीकडे येता येता ते पातळ होत जाते. त्याच्या खाली दंतिन नावाचा पिवळसर व तुलनेने मऊ असा थर असतो, आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला दाताचा गाभा असतो.

हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. दंतवल्काचे मात्र तसे नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच आपले काम करतात आणि मग नाहीशा होतात. गवंडी घर बांधून निघून गेला आणि तो पुन्हा कधीही येणार नाही, अशातली ही वास्तू आहे. म्हणून जे दंतवल्क झिजून गेले ते कायमचेच गेले. मग वर सांगितलेली भरपाई होते ती कशाची? ह्याचे उत्तर मिळण्यासाठी आम्ल दातावर नेमके काय करते ते आधी पाहावयास हवे.

ज्या घरी स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे त्या घरी हा प्रयोग केव्हा ना केव्हा अजाणता झालेलाच असतो. लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचा कोळ फरशीवर रात्रभर पडून राहिला, की सकाळी त्या जागी पांढुरका, खरखरीत असा डाग दिसतो. कितीही पुसले तरी तो जात नाही. कारण तो डाग नव्हेच. तेथे फरशीचाच अंश विरघळून गेलेला असतो. शहाबादी दगड हा चुनखडीचा, आणि चुनखडी हे कॅल्शियमचेच एक खनिज होय. दंतवल्काचे खनिज चुनखडीहून निराळे व पुष्कळ चिवट असले तरी आम्लापुढे त्याचीही गत तत्त्वतः तीच होते. आम्लातील हायड्रोजनचे कण स्फटिकातील फॉस्फेटशी संयोग पावतात, स्फटिकाची बांधणी उसवते, आणि कॅल्शियम व फॉस्फेट सुटे होऊन तोंडातील द्रवात मिसळून जातात. कैरी खाल्ल्यावर जिभेस दात खरखरीत लागतात, त्यात ह्या उसवण्याचा वाटा असतो. 'दात आंबणे' हा शब्दप्रयोग ज्यांनी रूढ केला त्यांस हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु त्यांच्या जिभेस ते बरोबर कळले होते.

आम्लता मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ पीएच नावाची मोजपट्टी वापरतात. शुद्ध पाणी ह्या पट्टीवर ७ ह्या आकड्याशी असते. आकडा जसजसा खाली जाईल तसतशी आम्लता वाढते, आणि एकेका पायरीस ती दहापट होते. तोंडातील द्रवाचा पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते, असा स्थूल नियम आहे. लिंबाचा रस ह्या पट्टीवर २ ते २.५ च्या दरम्यान असतो; म्हणजे त्याची आम्लता धोक्याच्या रेषेहून हजारपट किंवा त्याहूनही अधिक भरते. बाटलीतून मिळणारी कोला पेये २.५ च्याच आसपास असतात, आणि संत्र्याचा रस साडेतीनच्या सुमारास असतो.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. कोला पेय गोड लागते म्हणून ते दातांस आंबवणार नाही, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः साखर आम्लाची चव झाकते. ती आम्लास नाहीसे करीत नाही. ताकाची गोष्ट ह्याच्या अगदी उलट आहे. ताक जिभेस आंबट लागते, आणि त्याचा पीएचही साडेचारच्या आसपास, म्हणजे रेषेच्या खालीच असतो. तरीही ताकाने दात फारसे झिजत नाहीत. ह्याचे कारण असे की, ताकात कॅल्शियम व फॉस्फेट आधीच विपुल असतात. ज्या पाण्यात मीठ विरघळावयाचे तेवढे विरघळून चुकले आहे त्यात आणखी मीठ टाकले तर ते तळाशी बसते. त्याचप्रमाणे दाताच्या खनिजांनी आधीच भरलेल्या ताकास दातातून आणखी खनिज ओढून घेण्यास फारसा वाव उरत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात कोला पेयापेक्षा ताकाचा पेला श्रेयस्कर, ह्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यास असा एक शास्त्रीय आधारही आहे.

आम्लाने दात झिजणे आणि दात किडणे ह्या दोन निराळ्या व्याधी आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. किडीमध्ये आम्ल बाहेरून येत नाही. दातावर साचलेल्या चिकट थरातील जंतू साखर व पिष्टमय पदार्थ खातात आणि आपल्या जागीच आम्ल निर्माण करतात. त्यामुळे ठराविक ठिकाणी खड्डा पडतो. झिजेत जंतूंचा संबंध नसतो. आम्ल अन्नातून, पेयातून किंवा जठरातून सरळ दातावर येते आणि सबंध पृष्ठभाग थोडाथोडा मऊ करते. म्हणूनच ज्याच्या दातांस एकही कीड नाही, जो दोन वेळा दात स्वच्छ घासतो, अशा माणसाचेही दात झिजलेले आढळतात. आणि आपण इतकी काळजी घेत असता असे का व्हावे, ह्याचा त्यास उलगडा होत नाही.

आता भरपाईकडे वळू. ही भरपाई करणारी वस्तू म्हणजे ज्या लाळेकडे कोणी कधी आदराने पाहत नाही ती लाळ होय. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्ध्या ते दीड लिटरपर्यंत लाळ तयार होते. तिची कामे तीन. ती आम्ल धुऊन नेते. तिच्यातील बायकार्बोनेट नावाचा क्षार उरलेले आम्ल मारतो. आणि आम्ल नाहीसे झाले की ती आपल्याजवळचे कॅल्शियम व फॉस्फेट दातास परत देते.

हे परत देणे कसे घडते ते खडीसाखरेच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. खडीसाखर करणारा कारागीर साखरेचा घट्ट पाक करून त्यात दोरा सोडून ठेवतो. पाकात साखर इतकी दाटलेली असते की तिला स्फटिकरूपाने बाहेर पडावयास केवळ एक आधार हवा असतो. दोऱ्यावर पहिला कण बसला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे थर चढत जातात. लाळ ही स्वस्थ स्थितीत कॅल्शियम व फॉस्फेट ह्यांचा असाच घट्ट पाक आहे. आम्लाने अर्धवट विरघळलेले, परंतु जागच्या जागी शिल्लक राहिलेले दंतवल्काचे स्फटिक हा तिला मिळालेला दोरा. त्या स्फटिकांवर खनिज पुन्हा बसू लागते, आणि मऊ झालेला थर हळूहळू पुन्हा कठीण होत जातो. दंतवैद्यकात ह्यास पुनर्खनिजीभवन म्हणतात. खनिजांची पुनर्भरती असे म्हटले तरी चालेल.

परंतु ह्याच उदाहरणात ह्या भरपाईची मर्यादाही स्पष्ट होते. दोराच वाहून गेला, तर पाक कितीही घट्ट असो, त्या जागी स्फटिकाने धरावे तरी कशाला? आम्लाने मऊ झालेला थर अत्यंत पातळ असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकीच भरते. जोवर तो जागेवर आहे तोवर लाळ त्याची डागडुजी करू शकते. तो खरवडून निघाला, की तेवढी जाडी कायमची कमी झाली. हा थर खरवडून काढण्याचे काम पुष्कळदा माणूस आपल्याच हातांनी करतो. आंबट खाल्ल्यावर तोंड चिकट लागते म्हणून लगेच ब्रशने, राखुंडीने किंवा कोळशाच्या पुडीने खसाखसा दात घासणे म्हणजे ओल्या गिलाव्यावर खराटा फिरविण्यासारखे आहे. स्वच्छतेची हौस अशा वेळी नुकसानच करते.

दुसरी मर्यादा वेळेची. जेवताना वरणावर लिंबू पिळून घेणाऱ्या माणसाच्या दातांवर आम्लाचा हल्ला थोडा वेळ होतो, आणि पुढचे कित्येक तास लाळेस डागडुजीसाठी मिळतात. परंतु जो मनुष्य सरबताची किंवा कोला पेयाची बाटली समोर ठेवून तासन् तास घोट घोट पीत बसतो, किंवा जे मूल दिवसभर चिंच गालात धरून हिंडते, त्याच्या लाळेस उसंतच मिळत नाही. एक तडाखा निस्तरतो न निस्तरतो तोच दुसरा येतो. म्हणून आंबट किती खाल्ले ह्यापेक्षा किती वेळा व किती वेळ खाल्ले, ह्या प्रश्नास अधिक महत्त्व आहे.

तिसरी मर्यादा खुद्द लाळेची. झोपेत लाळ फारच कमी सुटते. म्हणून निजण्यापूर्वी घेतलेले आंबट पेय दिवसा घेतलेल्या पेयाहून अधिक घातक ठरते. मधुमेह असलेल्या कित्येकांचे तोंड कोरडे पडते. पुष्कळशा औषधांनीही तसेच होते. ज्यांस आम्लपित्ताचा त्रास आहे, ज्यांच्या घशाशी वारंवार आंबट येते, त्यांच्या दातांस तर लिंबाहूनही तीव्र अशा जठरातील आम्लास तोंड द्यावे लागते. गरोदरपणात ज्या स्त्रियांस उलट्यांचा त्रास होतो त्यांची स्थिती हीच. उलटी झाल्यावर तोंड स्वच्छ वाटावे म्हणून लगेच दात घासण्याची इच्छा होणे साहजिक आहे. पण त्या वेळी साध्या पाण्याने, अथवा पेलाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून त्या पाण्याने खळखळून चूळ भरणे अधिक हिताचे असते.

कित्येकांची अशी समजूत असते की, कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या म्हणजे झिजलेले दात भरून येतील. हाडांसाठी वैद्याने त्या दिल्या असतील तर अवश्य घ्याव्यात. परंतु हिरडीबाहेर आलेल्या दाताच्या कवचात रक्तवाहिन्या नसतात. त्यास जे मिळावयाचे ते बाहेरून, लाळेच्या वाटेनेच मिळते. आंबटानंतर घेतलेला दुधाचा किंवा ताकाचा घोट दातास स्पर्श करून जातो, म्हणून तो उपयोगी पडतो. दुधातील केसीन ह्या प्रथिनाच्या साहाय्याने कॅल्शियम व फॉस्फेट दातापर्यंत पोहोचविणारे एक मलम ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स व त्यांचे सहकारी ह्यांच्या संशोधनातून निघाले, आणि दंतवैद्य काही रुग्णांस ते देतात. दुधाचा गुण जाणूनच हा उपाय रचलेला आहे.

लाळेच्या कामास सर्वांत मोठे साहाय्य करणारे द्रव्य मात्र फ्लोराइड हे होय. पुनर्भरतीच्या वेळी थोडे फ्लोराइड जवळ असले तर ते नव्या स्फटिकात शिरते, आणि तयार होणारे खनिज मूळच्याहून अधिक चिवट निघते. मूळ खनिज ५.५ च्या खाली विरघळू लागते. फ्लोराइडयुक्त खनिज साधारण ४.५ पर्यंत टिकाव धरते. किडीविरुद्ध हा फरक फार मोलाचा आहे. झिजेविरुद्ध त्याचा उपयोग होतो, परंतु तो मर्यादित. कारण लिंबू व कोला पेये ४.५ च्याही पुष्कळ खाली आहेत. फ्लोराइड लावले म्हणजे मग कितीही आंबट खावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

ह्या द्रव्याचा दातांशी असलेला संबंध उघडकीस आला तो त्याच्या उपकारामुळे नव्हे, अपकारामुळे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज ह्या गावी व्यवसायास गेला. तेथे जन्मलेल्या पुष्कळ लोकांच्या दातांवर त्यास तपकिरी डाग दिसले. ह्या डागांचे कारण शोधण्यात त्याने अनेक वर्षे घालविली. डागाळलेले हे दात किडीस मात्र सहसा बळी पडत नाहीत, हेही त्याच्या ध्यानात आले. अखेर १९३१ साली चर्चिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अशा डागांच्या प्रदेशातील पाणी तपासले, तेव्हा त्यात फ्लोराइडचे प्रमाण फार आढळले. ट्रेंडली डीन ह्या दंतवैद्याने पुढे असे दाखवून दिले की, लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पाण्याने कीड कमी होते आणि त्रासदायक डागही पडत नाहीत. १९४५ साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स ह्या शहराने मुद्दाम पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास आरंभ केला. भारतात मात्र प्रश्न उलटा होता. १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून जो वैद्यकीय वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्यात पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडाने दातच नव्हे, तर हाडे व सांधेही आखडून गेलेल्या माणसांचे वर्णन होते.

हा उलटा प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या दाराशीच उभा आहे. जिल्ह्याचा पश्चिम भाग, ज्यात पुसद येते, तो मुख्यतः काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. पूर्वेकडे व आग्नेयेकडे, पांढरकवडा व वणी ह्या बाजूस, भूमीचा पोत पालटतो. तेथे चुनखडी, वाळूचा दगड असे अधिक प्राचीन खडक वर येतात. ह्या भागातील काही गावांच्या विहिरींच्या व विशेषतः कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड विहित मर्यादेच्या कित्येक पट आढळलेले आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि दुसरे पाणीच मिळत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम. पाणी खडकातून झिरपत असता तेथील खनिजांतून हे द्रव्य उचलून घेते. पाण्याच्या रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येत नाही.

असे पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर प्रथम खडूसारख्या पांढऱ्या रेषा दिसतात, आणि प्रमाण अधिक असेल तर दात पिवळे व तपकिरी होतात. हा दोष दात घडत असतानाच, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंतच्या काळात, कवचाच्या आत शिरलेला असतो. वरून बसलेला तो मळ नव्हे. पण हे सांगणार कोण? मुलगी लग्नाची झाली, पाहावयास मंडळी येणार, आणि हसताना दात पिवळे दिसतात. मग घरातील कोणी तरी लिंबू व मीठ, किंवा लिंबू व सोडा ह्यांनी दात घासण्याचा सल्ला देते. पहिल्या दोन-चार दिवसांत दात थोडे उजळल्यासारखे वाटतात, आणि त्यामुळे सल्ला खरा वाटू लागतो. प्रत्यक्षात शहाबादी फरशीवर जे घडते तेच येथे घडत असते. आम्ल कवच मऊ करते आणि मीठ ते खरवडून नेते. काही महिन्यांनी कवच पातळ होऊन खालचे पिवळे दंतिन अधिकच दिसू लागते, आणि गार पाण्याचा घोट घेताच कळ मस्तकात जाते. ज्या पिवळेपणास घालवावयाचे तोच वाढतो, आणि वर दुखणे पदरी पडते. ह्या डागांसाठी दंतवैद्याकडे सुरक्षित उपाय आहेत. लिंबाची फोड हा त्यांपैकी नव्हे.

तात्पर्य, ज्या द्रव्याने झिजलेल्या दाताची डागडुजी बळकट होते तेच द्रव्य प्रमाणाबाहेर पोटात गेले तर दात घडतानाच बिघडवते. फरक मात्रेचा व मार्गाचा आहे. टूथपेस्टमधील फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागास लावून थुंकून टाकावयाचे असते. पाण्यातील फ्लोराइड रोज पोटात जाते. म्हणून ह्या जिल्ह्यातील कुटुंबाने दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्यात. पिण्याचे पाणी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे असेल तर ते एकदा तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत अशी तपासणी होते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही; उलट पाण्याची वाफ होऊन गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर ह्यांच्या योगाने ते कमी करण्याची एक पद्धत नागपूरच्या 'नीरी' ह्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केली. ती नालगोंडा पद्धत ह्या नावाने ओळखली जाते. तथापि लहान मुलांसाठी निर्दोष पाण्याचा निराळा साठा मिळविणे हाच सर्वांत सरळ मार्ग होय.

टूथपेस्टविषयी नियम साधा आहे. मोठ्या माणसांनी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट दोन वेळा वापरावी, घासून झाल्यावर फेस थुंकावा, आणि लगेच भरपूर पाण्याने चुळा भरून सारे फ्लोराइड धुऊन टाकू नये. भारतातील नियमाप्रमाणे तिच्यात फ्लोराइड दहा लाख भागांत १००० भागांहून अधिक असता कामा नये, आणि ते प्रमाण वेष्टनावर छापलेले असते. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढीच टूथपेस्ट द्यावी, आणि ती गिळली जाणार नाही हे वडीलधाऱ्यांनी जवळ उभे राहून पाहावे. घरच्या पाण्यातच फ्लोराइड फार असेल तर लहान मुलांच्या बाबतीत दंतवैद्याचा सल्ला घेऊनच टूथपेस्ट निवडावी.

बाकीचे पथ्य स्वयंपाकघरातच पाळावयाचे आहे. लिंबू, चिंच, कैरी वर्ज्य करण्याचे कारण नाही. ती जेवणाबरोबर खावीत, दिवसभर चघळीत बसू नये. सरबत प्यावयाचे तर एका बैठकीत प्यावे, तोंडात घोळवू नये, आणि नंतर साध्या पाण्याची चूळ भरावी. दात घासावयाचे असतील तर आंबट खाण्याच्या आधी घासावेत. नंतरच घासावयाचे झाल्यास निदान अर्धा-एक तास जाऊ द्यावा. तेवढ्या अवधीत सारी भरपाई होते असे नव्हे, परंतु आम्ल ओसरलेले असते. ब्रश मऊ असावा आणि हात हलका. राखुंडी, कोळसा, वीटकर ह्यांस निरोप द्यावा. मिश्रीस तर आधी द्यावा, कारण तिच्यात तंबाखू असते आणि तिचा धोका दातांपुरताच मर्यादित राहत नाही.

झीज पुढे गेली असल्याची काही चिन्हे घरच्या आरशातही दिसतात. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसू लागणे, दाढांच्या उंचवट्यांवर लहान वाट्यांसारखे खळगे पडणे, दातातील जुने भरण आजूबाजूच्या दाताहून उंच दिसणे, गार व गोड लागताच कळ येणे, ही ती चिन्हे होत. ही दिसू लागली म्हणजे लाळेच्या भरवशावर राहण्याची वेळ निघून गेली, असे समजून दंतवैद्याकडे जावे. तो तीव्र मात्रेचे फ्लोराइड लावील, उघडे पडलेले दंतिन झाकील, किंवा गेलेल्या कवचाच्या जागी दंतरंगी भरण बसवील. आणि मूळ कारण आम्लपित्त असेल तर पोटाच्या वैद्याकडेही पाठवील. जाहिरातींतून 'झिजलेले दंतवल्क पुन्हा उगवते' असे वचन दिले जाते; त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी खडीसाखरेचा दोरा आठवावा. मऊ झालेले कठीण होते, गेलेले परत येत नाही.

दात आहेत तेव्हा चणे नाहीत आणि चणे आहेत तेव्हा दात नाहीत, अशी म्हण घरोघरी ऐकू येते. तिच्यातील पहिला भाग दैवाधीन असेल; दुसरा पुष्कळ अंशी माणसाच्या हाती आहे. पुढल्या चैत्रात एखादे पोर पानावर बसून "आई, दात आंबले" असे ओरडेल, तेव्हा आईने रागावण्याचे कारण नाही. त्याच्या पुढ्यात ताकाची वाटी ठेवावी, रात्रीचे दात घासणे थोडे उशिरा करावयास सांगावे, आणि उरलेल्या कैऱ्या उद्याच्या जेवणासाठी झाकून ठेवाव्यात. बाकीचे काम त्याच्या तोंडातील लाळ आपण होऊन करील. तिला हवा असतो तो केवळ थोडा अवसर.